आत ओढलेला हो

आमच्या बेटावर 'याऊ' म्हणजे हो.
घाईत असलो की तो आम्ही श्वास आत ओढत म्हणतो,
गरम रश्श्याचा पहिला घोट घ्यावा तसा.
वडील बोटीच्या रेडिओवर असाच म्हणायचे,
शाळेतले गुरुजी, दुकानातली बाई, पाद्रीसुद्धा.
मला वाटायचं, सगळं जग असाच होकार देतं.

कॉड कापायच्या हॉलमध्ये
पट्टा, सुऱ्या, बर्फाचं यंत्र,
इतका गोंगाट, की दारातच कानांवर
निळी झाकणं चढवायची.
नियम भिंतीवर लिहिलाय, चार भाषांत.
सकाळी सहा ते दुपारी दोन
मी बेचाळीस माणसांची मुख्य,
आणि आम्ही सगळेच कान झाकलेले.

सातव्या टेबलावर बोगुमिला.
काटे काढण्यात तिचा हात धरेल असं कोणी नाही.
ऑक्टोबरात ती माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली,
तिच्या नव्या, अडखळत्या आइसलँडिकमध्ये
म्हणाली, पट्टा वळतो ना, तिथे...
याऊ, मी म्हटलं. आत ओढून.
ती थांबली. माझ्याकडे पाहिलं. गेली.
नोव्हेंबरात, मनगट, रात्री मुंग्या...
याऊ.
तिने कानावर घातलं होतं,
कानावर आधीच झाकण होतं.
डिसेंबरात ती आलीच नाही.
मी वहीत लिहिलं : टेबल सात, तक्रार नाही.

मग कंपनीने राजधानीहून एक माणूस पाठवला,
ऐकायला शिकवणारा.
समोरच्याचं वाक्य आपल्या शब्दांत परत म्हणा, तो म्हणाला,
बोलण्याआधी मनात तीन मोजा.
माझ्या जोडीला रोमुआल्दो होता, सेबूचा.
तो म्हणाला, माझी मुलगी परवा नर्सिंगची परीक्षा देतेय.
मी तीन मोजले.
म्हणजे तुझी मुलगी परवा नर्सिंगची परीक्षा देतेय, मी म्हटलं.
आम्ही दोघं डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो.
पण चार वर्षांत
त्याला मुलगी आहे हे मला माहीत नव्हतं.

कॉफीच्या सुट्टीत, रुबार्बच्या केकपाशी,
मी बोगुमिलाला विचारलं, त्या दिवशी मध्येच का गेलीस?
ती बराच वेळ बशी फिरवत राहिली.
मग म्हणाली, आमच्या गावी
हात तव्याला लागला की माणूस असा श्वास ओढतो.
मला वाटलं,
माझ्या बोलण्याचा तुम्हाला चटका बसतोय.
मी दोनदा पाहिलं.
तिसऱ्यांदा कुणाला कशाला पोळायचं?

मी तीन मोजले नाहीत. मला मोजताच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने मला टेबलापाशी नेलं.
झाकणं काढायची तर नियम मोडतो,
म्हणून माझा हात धरून
पट्टा वळतो तिथल्या कडेवर ठेवला.
दर चौथ्या ठोक्याला एक हिसका,
आणि दर हिसक्याला तिचं मनगट अर्धा इंच वर.
दिवसाला किती हजार वेळा, ते मी विचारलं नाही.
संध्याकाळी हेइदारने एक रूळ बदलला,
तिच्या पायांखाली चार बोटं जाड फळी ठोकली.
फळी. एवढंच मागत होती ती
ऑक्टोबरपासून.

सवय फुप्फुसांत असते, जात नाही.
अजून ओढला जातो तो हो,
आणि मग सातव्या टेबलावरून, सगळ्या गोंगाटावरून,
बोगुमिला ओठ हलवून विचारते : पोळलं?
आणि अख्खी रांग हसते, सुऱ्या न थांबवता.

काल सुटीच्या घंटेनंतर ती पुन्हा दारात आली.
मनगट, म्हणाली. अजून.
फळीने ते बरं झालेलं नाही,
आणि डॉक्टर महिन्यातून एकदाच येतो, बर्फ नसेल तर.
माझ्याकडे उत्तर नव्हतं.
श्वास आत जायला निघाला होता, अर्ध्यावर थांबला.
मी झाकणं खुंटीवर टांगली
आणि तिच्यासाठी खुर्ची ओढली.