उणे अकरा

कमाटीबागेच्या संग्रहालयात बत्तीस वर्षं
मी भुंग्यांची नावं लिहिली
चष्मा काढून, नाक कागदाला टेकवून.
लांबचं जग मला कधी नव्हतंच.
सूरसागर म्हणजे उजेडाचा डाग,
पलीकडून हात करणारी माणसं
लुगड्याच्या रंगावरून ओळखायची.

मोतीबिंदू धरला तसे
उणे सातचे उणे अकरा झाले,
अक्षरं आणखी दोन बोटं जवळ आली.
रावपुऱ्यातला डॉक्टर म्हणाला,
डोळा लांबट आहे तुमचा,
मागचा पडदा ताणून ताणून विरलाय
जुन्या मलमलीसारखा.
वीज चमकली, काळे ठिपके उडाले,
तर रात्री-अपरात्री निघून या.
मग भिंग निवडायला विचारलं,
"बेन, दूरनुं जोईए के नजीकनुं?"

रिक्षात विभावरी म्हणाली, लांबचं घे की.
एकदा तरी चष्म्याशिवाय
दारातली मी दिसेन तुला.

खरं आहे.
पण पहाटे जाग येते तेव्हा
मी चष्मा चाचपत नाही,
तळहात नाकाशी आणते:
रेषा, रेषांतल्या रेषा,
टाचणी रुतल्याची जुनी खूण.

जवळचंच सांगितलं.
विभे, तूच ये ना जरा पुढं.