बादली क्रमांक २११७

तळघराच्या किल्ल्या माझ्याकडे असतात.
मेंदूतलं मला काही कळत नाही, दमट हवेतलं कळतं.

फळ्यांवर पिवळ्या बादल्या, घट्ट झाकणांच्या.
आत जटलंडच्या वेड्यांच्या इस्पितळांतून आलेले मेंदू,
कुणाला विचारून आणायची रीत नव्हती तेव्हाचे.
ज्यांचं डोकं ठिकाणावर नाही असं ठरलं
त्यांचं आता अगदी ठिकाणावर आहे:
रांग, फळी, आकडा.
दर सोमवारी मी मोजतो.

२११७ जराशी पाझरते, म्हणून तिचं कार्ड मला पाठ.
थोरा वेस्टरगोर. शिवणकाम. अविवाहित.
फेब्रुवारी १९५१, बाहेर बर्फ.
बर्फाचं कुणी लिहून ठेवलं, का, कोण जाणे.
आणि 'लक्षण' या रकान्यात, तपकिरी पडलेल्या शाईत:
डोक्यात तार घातली आहे म्हणते.
साठ नंबरच्या दोऱ्याहून बारीक.
शब्द ओठांवर यायच्या आधीच
दुसऱ्या कुठल्या खोलीत उमटतो म्हणते.
ती खोली दाखवा म्हणून रडते.

गेल्या मार्चमध्ये तिसऱ्या मजल्यावर खुर्च्या कमी पडल्या.
मी चार घेऊन गेलो आणि दाराशीच थांबलो.
एस्किल नावाचा माणूस, बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा,
झटका आल्यापासून दोन वर्षं मुका.
त्याच्या डोक्यात केसाहून बारीक तारा,
यंत्रानं टाके घालावेत तशा घातलेल्या.
तो नुसता बघत होता. पडद्यावर अक्षर आलं,
मग बराच वेळ काहीच नाही,
मग एकदम तीन.
बायकोला वाटलं, आपलं नाव येणार.
आलं: खुर्ची करकरते.

टाळ्या. एक डॉक्टर तर रडलीच.
खुर्ची मी आणलेली.

थोराला आधीच कळलं होतं असं मी म्हणत नाही.
ती आजारी होती. नर्सला चावली होती, तेही कार्डावर आहे.
तार नव्हतीच. त्यांनी नंतर उघडून पाहिलं,
पातळ काप केले, काचेवर ठेवले,
सापडली नाही.
तरी त्या संध्याकाळी लिफ्ट सोडून जिन्यानं खाली आलो,
कार्ड काढलं,
'लक्षण' या शब्दावर अंगठा ठेवला
आणि उरलेलं मोठ्यानं वाचलं.

झाकण आवळलं. खालची ओल पुसली.
उद्या वर जाताना
तेलाची बाटली न्यायची आहे.