मुरलेलं

वेल्समधल्या एका दरीत एका ओळीत चिकटलेली घरं,
आमचं शेवटून तिसरं.
मागे परस, दोन खाटा टाकल्या की संपेल एवढा.
बाबा गेले आणि माझ्या वाट्याला आल्या
पाच कोंबड्या, एक गंजकं फावडं
आणि ही माती:
राख, विटांचे तुकडे,
मध्येच कोळशाची कपची, ओली झाली की डोळा मारणारी.

बत्तीस वर्षं जमिनीच्या पोटातून काढत राहिले बाबा.
खाण बंद झाली, त्या वर्षी खुराडं बांधलं
आणि उलटा हिशोब सुरू केला:
पावाच्या कडा कोंबड्यांना,
बटाट्याची सालं आधी कोंबड्यांना, उरली तर ढिगाला,
चहाचा चोथा थेट ढिगाला.

मी घाई केली.
मे महिन्यात खुराड्याची फळी खरवडली,
डोळ्यांत झोंबणारी ताजी शिट
सरळ लीकच्या ओळीत घातली.
आठव्या दिवशी रोपांची टोकं पिवळी,
जणू कुणी काडी लावून फुंकर घातली होती.

भिंतीपलीकडून इवॉर बघत होता. हसला नाही.
"गरम असते ती, पोरी.
इद्वल वर्षभर ठेवायचा. भुसा घालून, पाला घालून,
उलथायचा, झाकायचा,
आणि मग विसरून जायचा."

मीही तसंच केलं. विसरणं तेवढं जमलं नाही.
जानेवारीत सगळं परस गोठलं, पांढरं झालं,
फक्त तो ढीग काळा.
हातमोजा काढून कोपरापर्यंत हात घातला.
आत कुणीतरी घरी होतं.

आणि मग बोटांना लागला
चहाचा चमचा.
उलथता उलथता आणखी दोन. मार्चपर्यंत अकरा.
आईच्या लग्नातले, दांड्यावर पानं कोरलेले,
चोथ्याबरोबर बाबांनीच भिरकावलेले.

आई म्हणायची, पाणी कुठंतरी मुरतंय.
म्हणायची, बाराचे अकरा होत नाहीत आपोआप,
अकराचे दहा तर नाहीतच,
आणि इवॉरच्या ओल्वेनशी
एकोणीस वर्षं बोलली नाही.
चॅपलमध्येसुद्धा बाक बदलून बसायची.
बाबा मधे बसून चहा प्यायचे.

यंदा माती मुठीत धरली तर गोळा होते,
उघडली तर सुटते.
लीक मनगटाएवढे.

तीन उपटले, मुळांची माती झटकली नाही,
अकरा चमचे घासूनपुसून फडक्यात बांधले
आणि शेजारचं दार वाजवलं.
ओल्वेन आता ऐंशीची. चष्मा शोधून आली.
फडकं उघडलं. एकेक चमचा मोजला, दोनदा,
ओठ हलवत.
मग फडकं मिटलं, माझ्या हातात परत दिलं.

"लीक," ती म्हणाली, "बरे आलेत."
आणि दार उघडंच ठेवून
किटली भरायला आत गेली.