नाव काढणं

तीन डॉलर, हँगरसकट.
टोलेडोच्या उत्तर टोकाचं घर, तळघरात विक्री मांडलेली,
प्रत्येक वस्तूवर पिवळी चिठ्ठी:
इस्त्रीच्या टेबलावर, नाताळच्या दिव्यांवर,
अर्ध्या भरलेल्या बटणांच्या बरणीवरसुद्धा.
कपाट उघडलं, डांबरगोळ्यांचा वास अंगावर आला
आणि त्यामागून हा,
पिस्त्याच्या रंगाचा, काळ्या खांद्यांचा बोलिंगचा शर्ट.
सन चोपन्न, फार तर पंचावन्न.
साल मी कॉलरवरून सांगतो,
चुकलो तर दोनच वर्षांनी चुकतो.
पाठीवर अर्धवर्तुळात हॅव्हरकॅम्प प्लंबिंग,
खिशावर लाल धाग्याच्या साखळीटाक्यात
ऑर्विल.
शेवटच्या अक्षराची शेपटी जरा जास्तच लांब,
शिवणारीचा हात थांबायला तयार नसावा.

घरी आणून थंड पाण्यात घातला. टबात, दोन झाकणं व्हिनेगर.
पाणी आधी चहाचं झालं,
मग सिगारेटचं,
मग नुसतं पाणी.
रेयॉन ओला असताना पिळायचा नाही,
तेव्हा तो कागदाइतकाच धीट असतो.
टॉवेलवर आडवा पसरून ठेवला,
रात्रभर खोलीत
कुणीतरी उताणं झोपल्यासारखं.

मार्गो म्हणते, मेलेल्यांचे कपडे घालतोस.
मी म्हणतो, मेलेल्यांचं घर चालतं तुला, मोटार चालते,
चमचे तर तोंडात घालतेस,
मग एका शर्टानेच काय घोडं मारलंय?

हल्लीच्या शर्टांना माप नसतं, मिडियम असतं.
ह्याला माणूस होता.
खांदा माझ्याहून बोटभर रुंद,
पोटावरचं चौथं बटण वेगळं, आईच्या कोटाचं असावं,
आणि उजव्या बगलेत उसवलेली शिवण
निळ्या दोऱ्याने, घाईत, कुणीतरी परत घातलेली.
चेंडू त्याच हाताचा.

सलवाबाई कन्नान, जुन्या पोस्टाजवळ शिवणकाम करतात,
चष्म्यावरून बघत म्हणाल्या, नाव काढून देऊ?
भोकंसुद्धा दिसणार नाहीत.
मी शर्ट तिच्या हातातून
जरा जोरातच घेतला असेन. नंतर वाईट वाटलं.

गुरुवारी घालून गेलो. सतरा नंबरची लेन.
गुणांच्या टेबलाशी एक म्हातारा, नाकात ऑक्सिजनची नळी,
पायाशी सिलिंडर कुत्र्यासारखा बसलेला.
माझ्या तोंडाकडे त्याने पाहिलंच नाही.
खिशाकडे पाहिलं.
ऑर्विल, म्हणाला, माझे चार डॉलर देणं लागतोस.
हसलो. तो हसला नाही.
म्हटलं, कधीचे?
म्हणाला, तुझ्या बायकोने तो पडदा घेतला तेव्हाचे.

कुठला पडदा, कोण बायको,
मी पाकीट काढलं.
शर्टापेक्षा कर्ज एका डॉलरने महाग.
त्याने नोटा मोजल्या, दोनदा, अंगठा ओला करून,
आणि पेन्सिल कानामागून काढून
कुठल्याशा कागदावर, दुसऱ्याच कशाच्यातरी हिशोबावर,
एक आडवी रेघ मारली.

माझं नाव लायल, मी सांगितलं.
काय? म्हणाला.
लायल.
त्याने ते ऐकलं, तोंडात जरा घोळवलं,
पसंत न पडलेल्या कवळीसारखं,
आणि म्हणाला, खेळ, ऑर्विल.

खेळलो.
चेंडू अर्ध्या वाटेपर्यंत फार रुबाबात गेला,
मग एखाद्याला ओळखीचं घर दिसावं तसा
डावीकडे वळला आणि सरळ नाल्यात.
दहाच्या दहा उभ्या. पांढऱ्याशुभ्र.

मागून नळीतून शिट्टीसारखं काहीतरी वाजलं.
तो हसत होता, खांदे हलवत, डोळे पुसत.
वा, म्हणाला,
नाव काढलंस.

पार्किंगमध्ये आलो तेव्हा बगलेत गार वारा लागला.
शिवण गेलेली.
बरणी मी त्या दिवशी तिथेच सोडून आलो होतो,
तिच्या तळाशी बहुतेक
निळ्या दोऱ्याचं रीळ असणार.