मुका मार

दर मंगळवारी साडेआठला
इशबेल रॅट्रेच्या दंडावर मी मुका मार उमटवते.
आधी लालसर, त्यावर जांभळा,
कडेला चौथ्या दिवसाचा पिवळा.
तो जमायला मला वर्ष लागलं.
पूर्वी नाटकवाल्यांचे चेहरे रंगवायचे,
तिथं शेवटच्या रांगेतून दिसावं लागायचं.
इथं उलट. जेमतेम दिसायला हवं.

डंडीचं नर्सिंग कॉलेज, दुसरा मजला,
खिडकीबाहेर टे नदी, राखाडी, कसलीच घाई नसलेली.
इशबेल एक्क्याऐंशीची. पाठ केलेलं वाक्य छान म्हणते:
"न्हाणीघरात पाय घसरला हो, माझंच चुकलं."

मुलं एकेक करून आत येतात.
गॅलोवेसर मागे उभे, हातात तक्ता.
घसरलेलं माणूस हात टेकतं, मग तळवे कोरे कसे?
दंडाच्या आतल्या बाजूला ही चार बोटं कुणाची?
दुसरा प्रश्न विचारा, सर सांगतात,
पहिल्याचं उत्तर घरूनच तयार होऊन येतं.
सोबत आलेल्याला बाहेर बसवा, मग विचारा.
आणि खात्रीची वाट बघू नका.
खात्री करणारे वेगळे. तुम्ही कळवा.

सतरा जणांना दंड दिसला. सतरा जण पास.

अठरावा टोमाश, ग्दान्स्कचा, शब्द शोधत बोलणारा.
दंड बघून झाल्यावर तो जमिनीवर बसला, म्हणाला,
"मोजे काढू का?"
इशबेल तिचं वाक्य विसरली.

त्यानं लिहिलं: पायाची नखं
वळून बोटांखाली गेलेली. टाचेला जखम, जुनी.
सर म्हणाले, "हे आपल्या प्रसंगात नाही."
तक्त्यावर त्याला रकाना नव्हता.

दुपारी ओल्या कापसानं मी दंड पुसला.
जांभळा गेला. पिवळा गेला.
मग मीही खाली बसले.

नखं मी केली नव्हती.

"पुतण्या येतो की," इशबेल म्हणाली,
"पेन्शनच्या दिवशी न चुकता येतो."
हे तिला कुणी पाठ करायला दिलं नव्हतं.

दोन वर्षं ते पाय
माझ्या गुडघ्यापासून वीतभर लांब होते,
करड्या लोकरीत.
मी रंग जुळवत होते.

कुणाला तरी सांगते, असं आधी तिलाच सांगितलं.
ती आल्याचं बिस्कीट मोडत राहिली, खूप बारीक.
नको म्हणाली नाही.

टोमाश जिन्यात कोट चढवत होता.
"भिंतीवरचा तो नंबर," मी विचारलं,
"रंगवणाऱ्या बाईनं लावला तर चालतो?"

त्यानं एक बाही तशीच लोंबती ठेवली
आणि पायरीवर माझ्यासाठी जागा केली.