दाखलेवाले

मंगळवार आणि शुक्रवार, संध्याकाळी साडेसहा,
मिरजेत चर्चमागच्या खोलीत
ख्रिस्ती मंडळीचा इतिहास, भाग पहिला.
आम्ही सात जण. एक रिक्षावाला, दोन नर्सा,
जतहून एसटीने येणारा पोरगेला पाळक, आणखी दोघे,
आणि मी, सिव्हिलच्या पॅथॉलॉजीत एकतीस वर्षं
लोकांचं रक्त काचेवर पसरून निवृत्त झालेली.

बोळापलीकडे सतारी बनतात.
वाघचौरे सर रोमबद्दल बोलत असतात
तेव्हा तिकडे कुणीतरी एकच तार पिळत असतो,
सोडतो, पुन्हा पिळतो.
सर थांबतात. तार लागली की म्हणतात,
हं, तर सन अडीचशे.

सन अडीचशे. सम्राटाचा हुकूम निघाला:
प्रत्येकाने देवतांपुढे धूप जाळावा,
नैवेद्याचं मांस चाखावं,
आणि तसं केल्याचा दाखला घ्यावा, सहीनिशी.
काही जण नाही म्हणाले. त्यांची नावं आपण मुलांना ठेवतो.
काही जणांनी जाळला.
आणि काही जणांनी (सर फळ्याकडे वळले)
कारकुनाला पैसे चारले
आणि नुसता कागद घरी आणला.
खडूने लिहिलं: दाखलेवाले.
खाली दोन रेघा. परीक्षेला येतं हे.

रिक्षावाला हसला. म्हणाला, सर, तेव्हापण?

इजिप्तच्या वाळूत सापडलेत म्हणे तसले कागद.
नाव, बापाचं नाव, गाव, वय,
उजव्या भुवईवर व्रण.
ओळखीची खूण.

माझ्या दाखल्यावर आहे: हनुवटीवर डावीकडे तीळ.
आणि त्याच्या वरच्या ओळीत, निळ्या शाईत,
आजोबांनी बाप्तिस्म्याच्या पाण्यात सोडली
असं घरात सांगत, ती जात.
कवठेमहांकाळ, जून अडुसष्ट.
हेडमास्तर माणूस चांगला होता. टाक दौतीत बुडवून
तसाच धरून बसला. म्हणाला, शांतवन, काय लिहू?
ख्रिस्ती लिहिलं तर पोरीला पुढं काही मिळायचं नाही.
बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.
हात जड होता, एवढंच आठवतं.
लिवा मास्तर, म्हणाले, पूर्वी होतं ते.

येताना मला भडंग घेऊन दिलं.
स्वतः खाल्लं नाही.

पुढच्या रविवारी प्रभुभोजन.
तासगावचे बेदाणे रात्रभर भिजवून काढलेला रस,
बोटाएवढ्या काचेच्या पेल्यांत.
तबक आमच्या बाकाशी आलं
आणि बाबांनी ते तसंच आईकडे सरकवलं.
मला वाटलं, पोट बिघडलं असेल.

बावीस वर्षं बिघडलेलं होतं ते पोट.
मला राखीव जागेवर नोकरी लागली,
पहिल्या पगाराचा दशांश पाकिटात घालून
त्यांनीच थैलीत टाकला,
तबक सरकत राहिलं.
पाळकांनी कधी विचारलं नाही.
पाळकांच्या मुलाच्या दाखल्यावर काय होतं
तेही कुणी विचारलं नाही.

मग त्या लोकांचं पुढे काय झालं, सर?
भांडली मंडळी. खूप भांडली.
धूप जाळणाऱ्यांना मरणाच्या दारात,
दाखलेवाल्यांना प्रायश्चित्तानंतर,
एकेकाचं प्रकरण बघून परत घेतलं.
काहींना हे फार सैल वाटलं, ते फुटून निघाले.
शुद्ध म्हणवायचे स्वतःला.
आणि प्रायश्चित्त किती वर्षं?
सरांनी पुस्तक चाळलं. चष्मा वर केला.
ठिकाणाठिकाणी वेगळं, म्हणाले.

गुरुवारी पेपर. प्रश्न चौथा, गुण दहा.
सन लिहिला, हुकूम लिहिला, कार्थेजची सभा लिहिली.
शेवटी पानावर जागा उरली म्हणून लिहिलं:
कवठेमहांकाळ, बावीस वर्षं.

साडेसात मिळाले.
त्या ओळीवर लाल पेन फिरलेलं नव्हतं.
बाजूला पेन्सिलीने, अगदी बारीक:
संदर्भ द्या.

दाखला घेऊन स्टँडसमोर गेले.
झेरॉक्सवाला पोरगा म्हणाला, मावशी, पाठपोट काढू का?
मागची बाजू कोरी होती.
म्हटलं, काढ.