मिठाला जागताना

आई मला दीडशहाणा म्हणायची.
त्यातला वरचा अर्धा कुठून आला ते शोधायला
जालन्याहून हिद्दला आलो, असं मात्र नाही.
आलो ते केमिस्ट्रीच्या पदवीवर
आणि एका एजंटाच्या शब्दावर.

शुक्रवारी मनाम्यात, चर्चच्या मागच्या खोलीत,
आमची मराठी उपासना, साडेतीन ते साडेचार.
आधी तेलुगू, नंतर तागालोग;
खुर्च्या आम्हाला गरमच मिळतात.
तिथं मी शिकवतो :
'ज्ञान' म्हणायला मूळ भाषेत शब्द किती,
कुठला कुठं आलाय, किती वेळा.
सात वह्या भरल्यात.
लाल शाई हिब्रूला, हिरवी ग्रीकला.
शेवंताबाई उजागरे पहिल्या रांगेत पेंगतात,
दोन घरची मुलं सांभाळून आलेल्या असतात.
जाग आली की म्हणतात, "आमेन,"
बहुधा चुकीच्या जागी.

चाळिशीत अक्कलदाढ आली.
काढून टाकली.
बत्तीस दिनार, अक्कलखाती.

आठवड्याचे उरलेले दिवस मी समुद्रातलं मीठ काढतो.
म्हणजे यंत्रं काढतात, मी मोजतो.
नळीत पाणी, पाण्यात सळई,
पडद्यावर आकडा, तोच रजिस्टरात.
देवानं सोपं काम दिलंय : दिसेल ते लिही.

त्या मंगळवारी रात्री दिसलं चौदाशे.
सळई धुतली, पुसली, पुन्हा बुडवली.
चौदाशे.
मागे रणपिसे साहेब उभे,
आमच्याच मंडळीचे खजिनदार;
स्तोत्राचा सूर तेच धरतात, आणि गोड धरतात.
"चारशे लिही रे. लेबर कॅम्पचा टँकर आहे,
तिथं कोण बसलंय मोजायला?"
मग खांद्यावर हात :
"कंपनीचं मीठ खातोस ना?"

खातो.
काढतोही.
यातल्या कुठल्या मिठाला जागायचं
हे सात वह्यांत नव्हतं.
खोटं वाईट, हे कळत नव्हतं थोडंच?
ते तर शब्बाथ शाळेत, रंगीत खडूनं,
सहाव्या वर्षीच कळलेलं.
कळत नव्हतं ते एवढंच की
धाकटीची फी, व्हिसाचे उरलेले सात महिने
आणि साहेबांचा तो गोड सूर
हे सगळं एका आकड्यात बसवायचं कसं.

मी चौदाशे लिहिलं.
पेन्सिलीनं.

बाहेर गेटवर अबू याकूब, म्हातारा पहारेकरी,
अर्ध्या हिंदीत आपल्या आजोबांचं सांगत होता,
रोज सांगतो तसंच.
मोती काढायला गेलेली माणसं, महिनोन्‌महिने नावेवर;
प्यायचं पाणी संपलं की समुद्रातच बुडी मारायची.
तळाशी गोडे झरे होते म्हणे.
कातड्याची पिशवी तोंड आवळून खाली न्यायची,
झऱ्यावर उघडायची,
भरली की पुन्हा आवळायची, आणि वर.
शंभरदा ऐकलेलं.
त्या रात्री पहिल्यांदा विचारलं,
"झरा कुठंय ते कळायचं कसं?"
"पायाला गार लागायचा."
"आता आहेत का?"
"सुकले बहुतेक."
त्यानं चहाचा कप प्लँटच्या दिव्यांकडे उचलला.
"आता तुम्ही आहात."

परत आत गेलो. जाताना प्रार्थना केली,
तिच्यात ना हिब्रू, ना ग्रीक;
"प्रभो, अक्कल दे," एवढंच,
तेही जालन्याच्या हेलात.
खिशात पेन सापडलं, ते लाल.
पेन्सिलीवरून गिरवलं.
हात हलला,
चार जरा जाड आला.

टँकर रात्रभर तिथंच उभा.
माझं पुढं काय, ते अजून ठरायचंय.

शुक्रवारी साहेबांनी सूर धरला, तसाच गोड.
माझ्याकडे पाहिलं नाही.
मी उभा राहिलो, आठवी वही उघडली.
कोरी होती.
गरम खुर्चीत शेवंताबाई टक्क जाग्या.
"आमेन," म्हणाल्या.
मी अजून काहीच बोललो नव्हतो.